लिनक्स संगणकावरील नवशिक्याच्या अडचणी : मोडेमची जोडणी व फायलींच्या प्रती

शाळेच्या संगणकावर लिनक्स प्रणाली बसविलेली असली म्हणजे ती नव्याने हाताळणाऱ्या शिक्षकास प्रारंभी दोन अडचणी हटकून येतात. मोडेम जोडूनही इंटरनेट सुरू होत नाही, ही पहिली; आणि फाइल एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना तिची प्रत होत नाही, किंवा झालेली प्रत पुढे उघडत नाही, ही दुसरी. या दोन्ही अडचणी पुष्कळदा परस्परांत गुंतलेल्या असतात. मोडेम चालण्यासाठी एखादा लहानसा प्रोग्रॅम हवा असतो. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा तर मोडेम बंद. मग तो दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हने आणावा लागतो आणि तेथे प्रतीची अडचण उभी राहते.

अशा वेळी ‘यंत्र बिघडले’ असा निष्कर्ष काढून तालुक्याच्या गावाहून कारागिरास बोलावण्यात येते. कारागिराला घाई असते. तो डिस्क पुसून सर्व काही नव्याने बसवून देतो. मोडेम चालू होतो. परंतु चार वर्षांची निकालपत्रके, यू-डायस प्लससाठी जमविलेली माहिती, शिष्यवृत्तीच्या याद्या, मुलांच्या सहलीची छायाचित्रे हे सर्व त्या पुसण्यात नाहीसे होते. ज्या दोषासाठी एवढी हानी सोसली, तो दोष बहुधा पाच-दहा मिनिटांत निवारण्यासारखा असतो.

भागाकाराचे उदाहरण चुकले असता चांगला शिक्षक मुलाला सर्व पाटी पुसावयास लावीत नाही. भाग कितीने लावला, गुणाकार बरोबर आहे काय, वजाबाकीत हातचा राहिला काय, असे पायरीपायरीने पाहत तो चुकीच्या जागेवर बोट ठेवतो. संगणकाच्या बाबतीतही हीच पद्धत चालते. तिच्यासाठी इंजिनियरचे ज्ञान लागत नाही. क्रम, धीर आणि नोंद एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

१. लिनक्सची ओळख

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिण्यास आरंभ केला आणि तो सर्वांना खुला केला. त्या गाभ्याभोवती इतर प्रोग्रॅम जमवून निरनिराळ्या मंडळींनी पूर्ण प्रणाली तयार केल्या. १९९३ साली सुरू झालेली डेबियन आणि तिच्या आधारे २००४ साली निघालेली उबंटू या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवर आधारलेली आहे. केरळातील शाळांमधून लिनक्सचा वापर मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. या प्रणालीस परवाना शुल्क नाही व तिचे काही हलके प्रकार जुन्या संगणकांवरही चालतात, हे खेड्यातील शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे.

लिनक्समध्ये काही कामे चित्रांवर टिचकी मारून होतात, तर काही ‘टर्मिनल’ नावाच्या खिडकीत आज्ञा टंकून करावी लागतात. आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात. पुढे त्या अक्षरांच्या उच्चारानुसार दिल्या आहेत. जेथे मोकळी जागा सोडावयाची आहे तेथे तसे सांगितले आहे. अन्यथा अक्षरे सलग टंकावीत.

२. मोडेम काय करतो

संगणकाची भाषा शून्य व एक या दोन खुणांची. तारेवरून किंवा हवेतून जाताना या खुणांचे लहरींत रूपांतर करावे लागते आणि पलीकडे त्या लहरींच्या पुन्हा खुणा कराव्या लागतात. हे दुहेरी काम करणारे साधन म्हणजे मोडेम. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, त्या वेळी टेलिफोनच्या तारेस जोडलेला मोडेम वापरीत. पुढे मोबाइलचे सीमकार्ड घातलेला व यूएसबीच्या खाचेत बसणारा लहान मोडेम आला. लोक त्यास ‘डोंगल’ म्हणतात.

टेलिफोनच्या काळात लिनक्सच्या नवशिक्यांना एका गोष्टीने फार छळले. काही स्वस्त मोडेमांत रूपांतराचे पुष्कळसे काम यंत्राऐवजी विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर सोपविलेले असे. असा मोडेम लिनक्समध्ये मुका राही. कारण त्याचा अर्धा भाग विंडोजमध्येच राहिलेला असे. अननुभवी माणूस लिनक्सला दोष देई आणि दुकानदार मोडेमला. खरा प्रश्न ‘कोणते काम कोणता भाग करतो’ हा होता. आजच्या डोंगलाच्या बाबतीतही आरंभी हाच प्रश्न विचारावा लागतो.

३. मोडेमचा दोष शोधण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी बाहेरच्या तपासणीची. डोंगल खाचेत नीट बसला आहे काय, त्यावरील दिवा लागतो काय, सीमकार्ड योग्य बाजूने घातले आहे काय, त्यात पैसे व डेटा शिल्लक आहे काय, हे पाहावे. तेच सीमकार्ड मोबाइलमध्ये घालून इंटरनेट चालते काय हे पाहिल्यास अर्ध्या शंका मिटतात. डोंगल कोणत्या पिढीचा आहे हेही महत्त्वाचे. जिओची सेवा २०१६ साली सुरू झाली ती चौथ्या पिढीची. तिचे सीमकार्ड तिसऱ्या पिढीच्या जुन्या डोंगलात कितीही खटपट केली तरी चालणार नाही. हा दोष संगणकाचा नव्हे.

दुसरी पायरी, संगणकास डोंगल दिसतो काय हे पाहण्याची. टर्मिनलमध्ये ‘एल एस यू एस बी’ ही आज्ञा द्यावी. यूएसबीला जोडलेल्या साधनांची यादी येते. प्रत्येकापुढे दोन भागांचा एक निर्देशांक असतो. पहिला भाग कंपनीचा व दुसरा साधनाचा. उदाहरणार्थ, हुआवेई कंपनीचा निर्देशांक १२डी१ असा आहे. डोंगल काढून एकदा व लावून एकदा ही आज्ञा द्यावी आणि कोणती ओळ वाढली ते पाहावे. कोणतीच ओळ वाढली नाही, तर दोष खाचेत किंवा डोंगलातच आहे. दुसरी खाच वापरून पाहावी.

तिसरी पायरी, डोंगल कोणत्या रूपात दिसतो ते पाहण्याची. येथेच बहुसंख्य नवशिके अडतात. अनेक डोंगल खाचेत घालताच स्वतःस मोडेम म्हणून ओळख देत नाहीत. ते तबकडी किंवा पेनड्राइव्ह असल्याची बतावणी करतात. त्या तबकडीत विंडोजसाठी लागणारे प्रोग्रॅम भरलेले असतात. विंडोज ते प्रोग्रॅम बसवून घेते व मग डोंगलास रूप पालटण्याची खूण देते. लिनक्सवर ही खूण देण्याचे काम ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा प्रोग्रॅम करतो. हुआवेईच्या काही डोंगलांचा निर्देशांक प्रथम १२डी१:१४४६ असा दिसतो व रूप पालटल्यावर त्याचा दुसरा भाग बदलतो. निर्देशांक पहिलाच राहिला, तर मोडस्विच बसविलेले नाही किंवा त्यास हा डोंगल ठाऊक नाही असे समजावे. काही डोंगलांच्या बाबतीत पडद्यावर उमटलेल्या तबकडीच्या चिन्हावर ‘इजेक्ट’ केल्यानेही रूपांतर होते; हा सोपा उपाय आधी करून पाहावा.

याउलट काही नवे डोंगल स्वतःस थेट नेटवर्क कार्ड म्हणून दाखवितात. त्यांना पुढील दोन पायऱ्या लागू नाहीत. त्यांच्या बाबतीत एकदम सहाव्या पायरीवर जावे.

चौथी पायरी, मोडेमला बंदर मिळाले काय हे पाहण्याची. ‘डी एम ई एस जी’ ही आज्ञा दिली असता गाभ्याने नोंदविलेले निरोप दिसतात. पुष्कळ ठिकाणी ती ‘एस यू डी ओ’ हा शब्द आधी लावून, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने, द्यावी लागते. शेवटच्या काही ओळींत ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ असे नाव आल्यास मोडेमला बंदर मिळाले असे समजावे. हाक आणि प्रतिसाद यांची परीक्षाही येथे घेता येते. १९८१ साली हेज कंपनीने आपल्या स्मार्टमोडेमसाठी ‘ए टी’ या दोन अक्षरांनी आरंभ होणाऱ्या आज्ञा ठरविल्या. ‘लक्ष द्या’ असा त्यांचा अर्थ. सीमकार्डाचे पुष्कळ डोंगल आजही तीच भाषा जाणतात. ‘मिनीकॉम’ या प्रोग्रॅममधून ते बंदर उघडून ‘ए टी’ टंकावे आणि एंटर दाबावे. हजेरीच्या वेळी मूल ‘हजर’ म्हणते, तसा मोडेम ‘ओके’ असे उत्तर देतो. उत्तर आले तर मोडेम जिवंत आहे आणि दोष पुढच्या पायरीवर आहे.

बंदर उघडतानाच ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाकारली, असा निरोप येण्याचा संभव असतो. डेबियन व उबंटूमध्ये हे बंदर ‘डायलआउट’ नावाच्या गटातील वापरकर्त्यांसच उघडता येते. व्यवस्थापकाच्या अधिकाराने आपले नाव त्या गटात घालावे, आणि त्यानंतर संगणकातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. पुन्हा प्रवेश केल्यावाचून बदल लागू होत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांचा योग्य उपायही निष्फळ ठरल्यासारखा दिसतो आणि ते भलत्याच वाटेस लागतात.

पाचवी पायरी जोडणीच्या तपशिलाची. पडद्याच्या कोपऱ्यातील नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारून मोबाइल ब्रॉडबँडची नवी जोडणी तयार करावी. तेथे एपीएन, म्हणजे कंपनीच्या प्रवेशद्वाराचे नाव, अचूक द्यावे लागते. बीएसएनएलसाठी ते ‘बीएसएनएलनेट’ व जिओसाठी ‘जिओनेट’ असे रोमन लहान अक्षरांत सलग टंकावे. सीमकार्डास पिन लावलेला असल्यास तोही येथेच विचारला जातो.

सहावी पायरी, जोडणी झाल्याचे दिसूनही पाने उघडत नाहीत तेव्हाची. ‘पी आय एन जी’, मोकळी जागा व ८.८.८.८ हा अंकी पत्ता अशी आज्ञा द्यावी. अंक अर्थात इंग्रजी असावेत. उत्तरे येऊ लागल्यास ‘कंट्रोल’ व ‘सी’ या कळा एकत्र दाबून ती थांबवावीत. मग त्याच आज्ञेत अंकांऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्यावे. अंकांना उत्तर येते व नावाला येत नाही, तर रस्ता ठीक आहे; नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस व्यवस्था मात्र चुकली आहे. जोडणीच्या तपशिलात डीएनएसचा पत्ता भरला म्हणजे काम होते.

आणखी एक कसोटी फार उपयोगी पडते. स्मार्टफोन यूएसबीच्या तारेने संगणकास जोडून त्यातील ‘टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स त्यास बहुधा नेटवर्क कार्ड म्हणून लगेच ओळखते. इंटरनेट चालले, तर संगणकाची बाजू निर्दोष आहे आणि शोध डोंगलापुरताच करावयाचा आहे हे सिद्ध होते. शिवाय मोडस्विचसारखा प्रोग्रॅम या वाटेने थेट उतरविता येतो.

४. पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम आणणे

गावात मोबाइलला डेटा मिळत नसेल, तर प्रोग्रॅम दुसरीकडून आणावा लागतो. त्यापूर्वी शाळेच्या संगणकावर ‘यू एन ए एम ई’, मोकळी जागा, उणे चिन्ह व ‘एम’ अशी आज्ञा देऊन उत्तर टिपून घ्यावे. उत्तरात ६४ हा अंक असल्यास प्रणाली ६४ बिटांची. ‘आय६८६’ असे आल्यास गाभा ३२ बिटांचा समजावा. प्रणालीचे नाव व आवृत्तीही टिपावी. त्याच आवृत्तीचे पुडके आणावे. दुसऱ्या आवृत्तीचे बसेलच असे नाही. डेबियन व उबंटूमध्ये यूएसबी मोडस्विचची पुडकी दोन असतात, एक प्रोग्रॅमचे व दुसरे निरनिराळ्या डोंगलांच्या माहितीचे. एकच आणले तर खेप वाया जाते. बसविताना आणखी एखादे पुडके हवे असल्याचा निरोप आल्यास त्याचे नाव टिपून घ्यावे.

५. प्रत का होत नाही

पेनड्राइव्ह लावल्यावर डेबियन व उबंटूमध्ये तो ‘मीडिया’ या फोल्डरमध्ये वापरकर्त्याच्या नावाखाली दिसतो. प्रतीची आज्ञा ‘सी पी’ ही होय. तिच्यानंतर मोकळी जागा सोडून मूळ फाइलीचे नाव, पुन्हा मोकळी जागा सोडून मुक्कामाचे नाव द्यावे. काम झाले तर ही आज्ञा काहीच बोलत नाही. नवशिक्याला वाटते, काहीच झाले नाही. आणि तो तीच आज्ञा पुनःपुन्हा देतो. लिनक्समध्ये मौन हे बहुधा यशाचे लक्षण असते. चूक झाली तरच निरोप येतो, म्हणून आलेला निरोप न वाचता बंद करू नये. नेहमी येणारे निरोप पुढीलप्रमाणे आहेत.

‘नो सच फाइल’ असा निरोप आला, तर नाव चुकले आहे. लिनक्स मोठे व लहान रोमन अक्षर भिन्न मानते. मोठ्या ‘एन’ने लिहिलेला ‘निकाल’ व लहान ‘एन’ने लिहिलेला ‘निकाल’ या दोन वेगळ्या फायली होत. नावात मोकळी जागा असल्यास नाव अवतरणचिन्हांत घालावे. अन्यथा त्याचे दोन तुकडे समजले जातात.

‘ओमिटिंग डिरेक्टरी’ असा निरोप आला, तर प्रत करावयाची वस्तू फोल्डर आहे. ‘सी पी’नंतर मोकळी जागा सोडून उणे चिन्ह व ‘आर’ लावावे, म्हणजे फोल्डर आतील सर्व फायलींसह जाते.

‘परमिशन डिनाइड’ असा निरोप आला, तर त्या जागी लिहिण्याचा अधिकार वापरकर्त्यास नाही. येथे नवशिका ‘एस यू डी ओ’ लावून मोकळा होतो. प्रत होते, परंतु त्या नव्या फाइलीचा धनी व्यवस्थापक ठरतो आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकाला आपल्याच निकालपत्रकात बदल करता येत नाही. म्हणून प्रथम आपल्या घरच्या फोल्डरात, म्हणजे ‘होम’मध्ये, प्रत करावी. व्यवस्थापकाचा अधिकार प्रोग्रॅम बसवितानाच वापरावा.

‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणजे जागा संपली. ‘डी एफ’, मोकळी जागा, उणे चिन्ह व ‘एच’ या आज्ञेने कोठे किती जागा उरली आहे ते कळते. जागा असूनही मोठी चित्रफीत जात नसेल व फाइल फार मोठी असल्याचा निरोप येत असेल, तर पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने आखलेला असावा; त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही.

‘रीड ओन्ली’ असा निरोप आला, तर पेनड्राइव्हच्या मांडणीत दोष आढळून लिनक्सने त्यावर लिहिणे थांबविले असण्याचा संभव आहे. वाचता येते तोवर त्यावरील सर्व फायली संगणकावर उतरवून घ्याव्यात. दुरुस्ती त्यानंतर करावी. ‘फॉरमॅट’ हा शब्द पडद्यावर दिसताच होकार देणे हे कपाट उघडत नाही म्हणून त्याला आग लावण्यासारखे आहे.

याहून घातक दोष निरोप न देता होतात. ‘सी पी’ ही आज्ञा त्याच नावाची जुनी फाइल असल्यास न विचारता तिच्यावर नवी लिहिते. तिच्यानंतर मोकळी जागा सोडून उणे चिन्ह व ‘आय’ लावल्यास ती आधी विचारते. ही सवय प्रथमपासून लावून घ्यावी. तसेच लिनक्सवर भिन्न असलेल्या मोठ्या व लहान अक्षरांच्या दोन फायली फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर एकच मानल्या जातात. आज्ञेने एकामागून एक प्रत केल्यास दुसरी पहिलीवर चढते. दोन निकाल न्यावेत आणि मुक्कामी एकच निघावा, असा प्रकार यातून घडतो.

दुसरा मूक दोष घाईचा. लिनक्स लिहावयाचा मजकूर प्रथम संगणकाच्या स्मृतीत घेते व सवडीने पेनड्राइव्हवर उतरविते. पडद्यावर काम संपल्याचे दिसते तेव्हा ते प्रत्यक्षात चालू असू शकते. त्याच क्षणी पेनड्राइव्ह उपटला, तर फाइलीचे नाव जाते, मजकूर अर्धाच जातो. म्हणून पेनड्राइव्हच्या चिन्हावर ‘इजेक्ट’ किंवा ‘सुरक्षितपणे काढा’ करावे, काढण्यास हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांबावे आणि मगच तो काढावा.

प्रत खरी उतरली की नाही हे ताडून पाहण्याची आज्ञाही आहे. ‘डी आय एफ एफ’, मोकळी जागा, उणे चिन्ह व ‘आर’ लिहून पुढे दोन्ही फोल्डरांची नावे द्यावीत. आज्ञा गप्प राहिली तर दोन्ही बाजू अक्षरशः सारख्या आहेत. पेनड्राइव्ह एकदा काढून पुन्हा लावल्यावर ही तपासणी केली तर ती अधिक विश्वसनीय होते.

६. संगणकाची नोंदवही

संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. तिच्यात दिनांक, काय करावयाचे होते, पडद्यावर कोणता निरोप आला, कोणता एक बदल केला आणि परिणाम काय झाला असे पाच रकाने आखावेत. निरोप शब्दशः उतरवावा. ‘एरर आला’ एवढ्या नोंदीवरून पुढे कोणासही मदत करता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर कशाने काम झाले हे कळत नाही, आणि काम बिघडले तर मागे फिरण्याची वाट सापडत नाही.

कारागिराला बोलावण्याची वेळ आलीच, तर त्यापूर्वी सर्व कागदपत्रांच्या प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन त्या ताडून पाहाव्यात आणि त्यांपैकी एक मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. मग वही कारागिरासमोर ठेवून दोष कोणत्या पायरीपर्यंत शोधला आहे ते त्यास सांगावे. शिक्षकाची बदली झाली तरी ही वही शाळेत राहते. तिच्यात लिहिलेला एपीएन, डोंगलाचा निर्देशांक व आणलेल्या पुडक्यांची नावे नवागत शिक्षकाचा पहिला आठवडा वाचवितात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा वह्यांची अदलाबदल केल्यास एका शाळेने शोधलेला उपाय दहा शाळांच्या कामी येईल.